सोरायसिस आणि प्रकाशचिकित्सा

अंगावर लालसर चट्टे आणि त्यांवर चंदेरी खवले ही सोरायसिसची मुख्य खूण होय. सावळ्या कांतीवर हे चट्टे जांभळट किंवा तपकिरी दिसतात. निरोगी त्वचेतील पेशी तयार होऊन गळून पडण्यास सुमारे एक महिना लागतो. या विकारात तोच क्रम चार-पाच दिवसांत उरकतो. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील बिघाड व आनुवंशिकता यांचा त्यात मोठा वाटा असतो. हा रोग स्पर्शाने, कपड्यांतून अथवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. तरीही पुष्कळदा कुष्ठरोगाशी त्याची गल्लत केली जाते आणि कुष्ठरुग्णांना अन्यायाने मिळालेली वागणूक या रुग्णांच्याही वाट्यास येते.

शरीराचा किती भाग व्यापला, यावरून रोगाची तीव्रता ठरविण्याची रीत जुनी आहे. ती आवश्यक असली तरी पुरेशी नाही. तळहातावरचे दोन भेगाळलेले चट्टे सुताराचे काम बंद पाडू शकतात. पाठीवरचे मोठे चट्टे एखाद्याला तितकेसे जाणवतही नाहीत. ही उणीव लक्षात घेऊन १९९४ मध्ये ब्रिटनमधील कार्डिफ येथे फिनले व खान यांनी दहा प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली तयार केली. गेल्या आठवड्यात खाज किती होती, कपडे निवडताना चट्टे झाकण्याचा विचार करावा लागला काय, कामात वा शिक्षणात अडथळा आला काय, जोडीदाराशी संबंधांत अडचण आली काय, असे हे प्रश्न असून एकूण गुण शून्य ते तीस असतात. उपचारामुळेच किती त्रास झाला, हाही प्रश्न तीत आहे. तो फार मोलाचा आहे.

त्वचाविकारांवर प्रकाशाचा उपयोग नवा नाही. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९२५ मध्ये अमेरिकेत गोकरमन यांनी सोरायसिससाठी डांबराचे मलम व अतिनील किरण यांची जोड दिली. आपल्याकडे कोडावर बावचीचे बी व ऊन यांचा उपयोग पूर्वापार आहे. त्या बियांतील सोरालेन हे द्रव्य देऊन नंतर किरण देण्याची पद्धत १९७४ पासून सोरायसिसवर रूढ झाली. तीत मळमळ होते, दिवसभर डोळ्यांना जपावे लागते आणि दीर्घकाळ घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून आज बहुधा ३११ ते ३१३ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा अरुंद पट्टा वापरतात. त्यासोबत गोळी घ्यावी लागत नाही व गरोदर स्त्रियांनाही हा उपचार देता येतो.

रुग्ण डोळ्यांवर गडद चष्मा लावून दिव्यांच्या कपाटात उभा राहतो. मात्रा काही सेकंदांपासून सुरू करून त्वचेच्या सहनशक्तीप्रमाणे वाढवितात. आठवड्यातून तीनदा, अशा वीस-तीस खेपा सामान्यतः लागतात. रोग समूळ जात नाही. पण चट्टे मावळून काही महिने स्वस्थता लाभू शकते. मनाने भर उन्हात बसणे हा मात्र याला पर्याय नव्हे. त्वचा भाजल्यास तेथेच नवे चट्टे उठतात.

किरण दोन-चार मिनिटांचे, पण प्रवासात अर्धा दिवस जातो. रोजंदारीवरील माणसाची तेवढी मजुरी बुडते आणि उपचार मध्येच सुटतो. अमेरिकेत ७८३ रुग्णांची पाहणी करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या दृष्टीने बोलके आहेत. बारा आठवड्यांत ठरलेल्या खेपा पुरेशा प्रमाणात घेणारे घरच्या यंत्रावर सुमारे निम्मे होते, तर दवाखान्यात जाणारे जेमतेम सहाव्या हिश्श्याइतके. वरील प्रश्नावलीनुसार जीवनावरील परिणाम नाहीसा किंवा अल्प झाल्याचे घरी उपचार घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांनी, तर दवाखान्यातील ३४ टक्क्यांनी नोंदविले. काळ्या-सावळ्या कांतीचे रुग्णही या पाहणीत होते, म्हणून ती आपल्यालाही उपयोगी आहे. अर्थात यंत्र घरचे असले तरी मात्रा त्वचारोगतज्ज्ञानेच ठरवावी लागते आणि अधूनमधून त्वचा दाखवावी लागते. सांधे सुजत वा सकाळी आखडत असतील, तर तेही डॉक्टरांना त्याच वेळी सांगावे. कारण सोरायसिस सांध्यांतही उतरतो आणि तेथे प्रकाशाचा उपाय चालत नाही.