वायुचलित जॅक

संपीडित (दाबाखाली कोंडलेल्या) हवेच्या जोरावर मोटारगाडी, बस, मालट्रक यांसारखे वाहन चाक जमिनीपासून सुटेपर्यंत वर उचलणारे साधन. याचा उपयोग मुख्यत्वे टायर बदलण्यासाठी होतो. स्क्रू जॅकमध्ये किंवा हाताने दांडा मारून चालवावयाच्या तेलाच्या जॅकमध्ये उचलण्याचे कार्य माणसाच्या स्नायूंना करावे लागते. वायुचलित जॅकमध्ये ते कार्य संपीडकाने (काँप्रेसरने) आधीच करून टाकीत साठविलेले असते व जॅकची झडप उघडताच ते हाती येते. या साधनाचा वेग त्यामुळेच आहे आणि त्याचा मुख्य धोकाही तेथेच आहे.

कार्यतत्त्व : हवेचा दाब व तो ज्या पृष्ठावर पडतो त्याचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतका जोर मिळतो. टायर दुरुस्तीच्या दुकानातील टाकीत सामान्यतः दर चौ. सेंमी.ला ७ ते ८ किग्रॅ. दाब असतो. तेलाच्या जॅकमधील दाबाच्या मानाने हा फारच कमी असल्यामुळे नुसत्या हवेवर जड वाहन उचलावयाचे, तर क्षेत्रफळ मोठे घ्यावे लागते; ते शक्य नसेल, तर हवेचा दाब अधिक ठेवावा लागतो किंवा हवेकडून तेलाला दाब द्यावा लागतो. वायुचलित जॅकचे निरनिराळे प्रकार या तीन मार्गांतून निर्माण झाले आहेत. तसे पाहिले, तर रस्त्यावर उभे असलेले मोटार वाहन सामान्यतः टायरांतील हवेवरच तोललेले असते. जॅकमधील हवा तेच ओझे तात्पुरते आपल्याकडे घेते.

फुग्याचा जॅक : यात जाड, धाग्यांनी बळकट केलेल्या रबराचे एक, दोन किंवा तीन फुगे एकावर एक बसविलेले असतात. बसगाड्यांच्या हवेच्या स्प्रिंगांशी त्याचे जवळचे नाते आहे. ३० सेंमी. व्यासाच्या फुग्याचे क्षेत्रफळ सु. ७०० चौ. सेंमी. असते आणि ७ किग्रॅ. दाबाला त्याचा जोर जवळजवळ ५ टन भरतो. हा आकडा फुगा सपाट असतानाचा आहे. फुगा वर चढत जातो तशा त्याच्या बाजू गोलावतात, ओझ्याला टेकलेला भाग आक्रसतो व जोर घटतो. म्हणून जॅकवर लिहिलेली क्षमता कोणत्या उंचीची आहे, हे पाहणे आवश्यक असते.

याच जातीचा, पण बराच मोठा फुगा वाळूत किंवा चिखलात रुतलेल्या गाड्यांसाठी वापरतात. तो गाडीच्याच निष्कास नळीतून (सायलेन्सरच्या नळीतून) बाहेर पडणाऱ्या वायूने फुगवितात. या वायूचा दाब अल्प असतो. परंतु ६० सेंमी. व्यासाच्या फुग्याचे क्षेत्रफळ २,८०० चौ. सेंमी.हून अधिक असल्याने दर चौ. सेंमी.ला अर्धा किग्रॅ. दाबही सु. १,४०० किग्रॅ. जोर देऊन जातो. जीपसारख्या गाडीची एक बाजू उचलण्यास तो पुरतो. रुंद बूड असल्याने हा जॅक वाळूत खचत नाही. तथापि तापलेली नळी, अणकुचीदार दगड आणि गाडीच्या तळाच्या धारदार कडा यांपासून त्याला जपावे लागते. त्यासाठी वर व खाली जाड चटई घालतात. निष्कास वायूत विषारी कार्बन मोनॉक्साइड असल्याने हे काम बंदिस्त जागेत करू नये.

हवा–तेल जॅक : मालट्रक व बस यांसाठी हा प्रकार अधिक सोयीचा आहे. यात हवा प्रत्यक्ष ओझे उचलीत नाही. ती तेलाचा छोटा पंप चालविते. हवेच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ४० चौ. सेंमी. व दाब ७ किग्रॅ. मानल्यास २८० किग्रॅ. जोर मिळतो. हा जोर १ चौ. सेंमी.च्या तेलाच्या दट्ट्यावर दिल्यास तेलाचा दाब दर चौ. सेंमी.ला २८० किग्रॅ. होतो आणि ४० चौ. सेंमी.च्या मुख्य दट्ट्यावर ११ टनांपेक्षा जास्त ओझे उचलले जाते. या लाभाची किंमत अंतराच्या रूपाने द्यावी लागते. पंपाचा ५ सेंमी.चा एक फेरा मुख्य दट्ट्याला जेमतेम सव्वा मिमी. वर नेतो; २० सेंमी. उचलण्यास १६० फेरे लागतात. हा जॅक चालताना जो सलग खडखडाट ऐकू येतो, तो या फेऱ्यांचा असतो. हाताने चालणाऱ्या तेलाच्या जॅकचे एकस्व अमेरिकेत रिचर्ड डजिअन यांनी १८५१ मध्ये घेतले होते. हवा–तेल जॅकमध्ये तत्त्व तेच राहिले, फक्त दांडा मारणारा हात बदलला.

शर्यतीच्या गाड्या : येथे जॅक गाडीच्या सांगाड्यातच बसविलेले असतात. तीन किंवा चार अरुंद सिलिंडर उभे बसवून त्यांना नळ्यांनी जोडतात व एकच तोंड गाडीबाहेर ठेवतात. गाडी थांबताच एक मदतनीस त्या तोंडात हवेची नळी खुपसतो आणि चारही चाके एकदम जमिनीपासून सुटतात. अमेरिकेतील इंडीकार शर्यतींत नळी काढताच हवा निसटते, गाडी खाली येते व चालकाला निघण्याची खूणही मिळते. सिलिंडरांना जागा थोडी असल्याने दाब बराच ठेवतात. दर चौ. सेंमी.ला ३० किग्रॅ. दाब आणि ५ सेंमी. व्यासाचा दट्ट्या धरल्यास एका जॅकला सु. ६०० किग्रॅ. व तिघांना मिळून १,८०० किग्रॅ. जोर येतो. हवेऐवजी पुष्कळदा बाटलीतील नायट्रोजन वापरतात. तो कोरडा असतो व ज्वलनाला मदत करीत नाही. ऑक्सिजन मात्र कधीही वापरू नये. उच्च दाबाच्या ऑक्सिजनाशी तेल किंवा ग्रीझ यांचा संपर्क आल्यास स्फोट होऊ शकतो.

फॉर्म्युला वन शर्यतींत ब्रॅबम संघाचे अभिकल्पक गॉर्डन मरी यांनी १९८२ मध्ये शर्यतीच्या मध्यावर इंधन भरून टायर बदलण्याची योजना आखली, तेव्हा गाडीत असे जॅक बसविले होते. आज या शर्यतींत पुढे व मागे तरफेचे साधे हातजॅक लावतात, कारण जॅकचे वजन शर्यतभर वाहून न्यावे लागत नाही. मॅक्‌लॅरेन संघाने २०२३ मध्ये कतार येथे १·८० सेकंदांत चारही चाके बदलली, ती अशाच जॅकवर. चाकाचे नट फिरविणारी बंदूक मात्र तेथेही हवेवरच चालते. ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीतील गाड्या तशाच जड असून त्यांची चाके वारंवार बदलावी लागतात. तेथे गाडीतील वायुचलित जॅकच रूढ आहेत.

उचलणे व धरून ठेवणे : ही दोन कामे वेगळी आहेत आणि वायुचलित जॅक पहिल्याच कामासाठी आहे. तेल जवळजवळ दबत नाही. त्यामुळे तेलाचा जॅक गळू लागल्यास ओझे बहुधा सावकाश उतरते. हवा दबते आणि दबलेली हवा ऊर्जा साठवून ठेवते. फुगा फाटला किंवा नळी निसटली, तर ती क्षणार्धात मोकळी होते व वाहन खाली कोसळते. शिवाय फुग्यावर उचललेले वाहन डोलते. मालट्रकचे टायरसह चाक सु. १०० किग्रॅ.पर्यंत भरते, ते काढताच ओझे हलके होऊन वाहन किंचित वर सरकते आणि जॅकवरून घसरू शकते. म्हणून वाहन हव्या त्या उंचीला गेले, की आसाखाली किंवा निर्मात्याने नेमून दिलेल्या जागी लोखंडी स्टँड लावून वाहन त्यावर टेकवितात. स्टँड लावल्याशिवाय अंगाचा कोणताही भाग वाहनाखाली घालू नये. शर्यतीच्या गाड्यांतही कोणी खाली शिरण्यापूर्वी बाहेर आलेल्या दट्ट्यांभोवती धातूची कडी अडकवितात; त्यामुळे हवा गेली, तरी दट्ट्या आत जात नाही. रस्त्याच्या कडेला घाईत एखादा दगड किंवा विटांची चवड आधार म्हणून लावतात, तो आधार नव्हे. वीट भाराखाली एकाएकी फुटते.

वापर व निगा : वाहन सपाट, टणक जागी उभे करून हातब्रेक लावतात व जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडसर देतात. नट आधी थोडे सैल करतात. चाक अधांतरी असताना ते सैल करू गेल्यास वाहनाला हिसके बसतात. जमीन मऊ असल्यास जॅकखाली जाड फळी ठेवतात. मालट्रक व बस यांना ब्रेकसाठी स्वतःचा संपीडक व टाकी असते, तेव्हा योग्य जोडणी असल्यास जॅकला हवा तेथूनही घेता येते. परंतु नंतर ब्रेकचा दाब पूर्ववत झाल्याची खात्री केल्याशिवाय वाहन हलवू नये. भारतातील महामार्गांवरच्या टायर दुरुस्तीच्या दुकानांत संपीडक असतोच, तरीही वाहन उचलण्याचे काम अजून पुष्कळदा हाताच्या तेलाच्या जॅकवर होते. वायुचलित जॅकची किंमत हे त्याचे एक कारण आहे. दुसरे असे, की टाकीतील हवेबरोबर येणारे पाणी जॅकच्या झडपा गंजविते आणि टाकीच्या तळाची तोटी रोज उघडून ते काढून टाकण्याची सवय फारशी आढळत नाही. फुग्याचे रबर उन्हाने व तेलाने खराब होते. त्याच्या घडीत भेगा किंवा आतले धागे दिसू लागल्यास त्याला ठिगळ न लावता तो वापरातून काढून टाकतात.