डॅशबोर्डास रंग देण्यापूर्वी

वर्ध्यालगतच्या नालवाडीस विनोबा १९३२ साली राहावयास गेले. पुढे तेथील चर्मालयात मेलेल्या गुरांची कातडी कमावीत. कमावलेले चामडे तेल पिऊन मऊ राहते. परंतु घरोघर जपलेल्या जुन्या मोटारींच्या डॅशबोर्डावरील व्हिनाइल ही चामड्याची केवळ नक्कल होय. त्यास मऊ ठेवणारे द्रव्य उन्हाने निघून जाते व ते तडकते. तेल चोळल्याने ते द्रव्य परत येत नाही. म्हणून आम्ही सुचवितो की, प्रथम साबणाच्या पाण्याने चिकटा काढावा, भेगेत लवचिक लांबी भरावी, वाळल्यावर घासावी आणि मगच व्हिनाइलच्या रंगाचे पातळ हात द्यावे. रंग चकाकणारा नसावा; त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून रस्ता नीट दिसत नाही. भेग न बुजविता रंग फासणे म्हणजे व्रण झाकणे होय. त्यापुढे मोटार सावलीत ठेवावी, हेच खरे पथ्य.