पीयूषिकेतील अर्बुदांचे कूळ

मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातील एका लहानशा खळगीत वसलेली आणि प्रौढ माणसात जेमतेम अर्धा ग्रॅम वजन भरणारी पीयूषिका ग्रंथी शरीराची वाढ, प्रजनन, स्तन्य, अवटू ग्रंथीचे कार्य आणि संकटकाळी लागणारे कॉर्टिसॉल या सर्वांवर आपला अंमल चालवते. या ग्रंथीत अर्बुद, म्हणजे गाठ, उद्भवली तर ती बहुधा कर्करोगासारखी शरीरभर पसरत नाही. तथापि ती कोणत्या पेशीपासून निपजली यावर रोग्याच्या देहाची पुढील सारी कैफियत ठरते.

वाढीचे संप्रेरक अतोनात स्रवणाऱ्या गाठीचे उदाहरण घ्यावे. बोटातली अंगठी आधी घट्ट होते, मग निघेनाशी होते. पायताणाचे माप वाढत जाते. जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, आवाज जड होतो. आणि हे सारे इतक्या संथपणे घडते की रोज समोर वावरणाऱ्या घरच्या माणसांनाही ते जाणवत नाही, जुने छायाचित्र हाती लागल्यावर मात्र सर्वजण चकित होतात. पिएर मारी या फ्रेंच वैद्याने १८८६ साली या व्याधीला ॲक्रोमेगली हे नाव दिले. पुढे अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१२ साली पीयूषिकेच्या विकारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९३२ साली, चेहरा गोल होणे, पोटावर जांभळे पट्टे उमटणे, रक्तदाब चढणे या लक्षणसमूहाचा संबंध याच ग्रंथीतील एका बारीक गाठीशी जोडून दाखवला. त्या काळी गाठींची वर्गवारी रंगांवर चाले: आम्लधर्मी रंग घेणाऱ्या, अल्कधर्मी रंग घेणाऱ्या आणि कोणताच रंग नीट न घेणाऱ्या. या तिसऱ्या वर्गातील गाठी काहीच स्रवत नाहीत असा समज दीर्घकाळ रूढ होता. वस्तुतः प्रोलॅक्टिन, म्हणजे स्तन्याचे संप्रेरक, स्रवणाऱ्या कितीतरी गाठी त्याच वर्गात जमा झालेल्या होत्या.

खरा उलगडा झाला तो जनुकांच्या कारभाराकडे लक्ष गेल्यावर. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संपूर्ण संच असतो. मग एका पेशीने वाढीचे संप्रेरक करावे आणि तिच्या शेजारणीने अधिवृक्क ग्रंथीला कॉर्टिसॉलसाठी चेतवणारे एसीटीएच करावे, हे कसे? दफ्तरखान्यात साऱ्या खात्यांचे कागद एकाच छताखाली असावेत, परंतु ज्या अंमलदाराची मुखत्यारी ज्या रुमालापुरती, तेवढाच रुमाल त्याने सोडावा, तशी ही व्यवस्था आहे. या अंमलदारांना प्रतिलेखन घटक म्हणतात. ही प्रथिने केंद्रकात राहून डीएनएच्या ठरावीक जागी चिकटतात आणि त्या जनुकाची नक्कल उतरवण्यास चालना देतात. वाढीच्या संप्रेरकाच्या जनुकाला चालना देणारा पिट-१ हा घटक १९८८ साली कॅलिफोर्नियातील दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे शोधून काढला.

त्याचे महत्त्व एका उंदराने सिद्ध केले. जॉर्ज स्नेल यांनी १९२९ साली खुजेपणा वंशपरंपरेने चालवणाऱ्या उंदरांचे वर्णन केले होते. त्यांच्या पिट-१ जनुकातच दोष आहे हे १९९० साली उघड झाले. या उंदरांत केवळ वाढीचे संप्रेरक नसते असे नाही. प्रोलॅक्टिन आणि अवटू ग्रंथीला चेतवणारे टीएसएच हीही नसतात. १९९२ साली मानवी बालकांतही असाच दोष आढळला. म्हणजे या तिन्ही पेशींचा मूळपुरुष एकच. पिट-१ ला इस्ट्रोजेनच्या ग्राहीची जोड मिळाली की प्रोलॅक्टिनकडे कल होतो, गाटा-२ ची मिळाली की टीएसएचकडे. एकच गाठ वाढीचे संप्रेरक आणि प्रोलॅक्टिन ही दोन्ही स्रवते, तर वाढीचे संप्रेरक आणि एसीटीएच यांचा संयोग क्वचितच दृष्टीस पडतो, याचे कारण या कुळात आहे. एसीटीएचचे घराणे वेगळे, त्याचा घटक टी-पिट, आणि प्रजननसंप्रेरकांच्या पेशींचा घटक एसएफ-१.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. या अर्बुदांत पिट-१ बिघडलेला असतो असे सहसा नसते. वाढीचे संप्रेरक करणाऱ्या सुमारे ४० टक्के गाठींत जीएनएएस या जनुकात बदल घडलेला असतो. त्यामुळे पेशीतील सायक्लिक एएमपी या संदेशवाहकाची पातळी सतत चढलेली राहते, पेशी वाढीला लागते, आणि निरोगी पिट-१ सुद्धा अखंड कामाला जुंपला जातो. उलट, प्रोलॅक्टिनच्या गाठीत कॅबर्गोलिन हे औषध डोपामिनच्या ग्राहीमार्फत हाच संदेश मंदावते. प्रोलॅक्टिन उतरते आणि गाठही पुष्कळदा आक्रसते, शस्त्रक्रियेची पाळीच येत नाही. औषधशास्त्रातील इतका सुंदर विजय मला तरी थोडाच ठाऊक आहे.

काढलेल्या गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला म्हणजे हा सारा विचार डोळ्यांपुढे येतो. संप्रेरकाची चाचणी केल्यास तपकिरी रंग पेशीद्रव्यात चढतो, कधी दाट, कधी इतका पुसट की दोन तज्ज्ञांत मतभेद व्हावा. प्रतिलेखन घटकाची चाचणी केल्यास तोच रंग नेमका केंद्रकात उतरतो आणि निळसर पार्श्वभूमीवर तपकिरी गोल स्वच्छ उठून दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ सालच्या वर्गीकरणाने पेशीच्या या वंशावळीला प्रमाण मानले. पूर्वी ज्यांना कोणतेच कूळ लावता येत नसे, अशा अनेक गाठींना त्यामुळे आपले घराणे मिळाले.

याची सर्वाधिक गरज मुक्या गाठींना आहे. रक्तात काहीच वाढलेले नसते. गाठ वाढून दृष्टीच्या मज्जातंतूंना खेटते आणि दोन्ही बाजूंची नजर अंधुक होते, तेव्हाच रोगी दवाखान्यात येतो. अशा बहुतेक गाठी एसएफ-१ च्या कुळातील आणि सौम्य वृत्तीच्या असतात. परंतु काहींच्या केंद्रकात टी-पिट सापडतो, आणि त्या अधिक हट्टी, पुन्हा उद्भवण्याचा संभव अधिक असलेल्या ठरतात. टी-पिट हजर असताना त्या मुक्या का, याचेही अंशतः उत्तर मिळाले आहे: टी-पिट ज्या जनुकाला चालवतो, त्यापासून प्रथम एक लांब प्रथिन तयार होते, आणि ते पीसी१/३ या विकराने छाटल्यावरच त्यातून एसीटीएच निघते. मुक्या गाठींत हे विकर कमी असल्याचे दिसून आले आहे. हुकूम सुटतो, त्याची अंमलबजावणी अर्ध्यावर अडते. अशा काही गाठी काही काळाने स्रवू लागून कुशिंगची व्याधी उघड झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून अहवालात टी-पिट नमूद असलेल्या रोग्याच्या फेरतपासणीत एमआरआयवर विसंबून न राहता कॉर्टिसॉलही मोजले जाते.