घरातील हिंसेचे सार्वजनिक स्मारक

महाराष्ट्रात स्त्रीच्या मृत्यूची दगडात नोंद करण्याची परंपरा जुनी असून, कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात आणि सूर्य-चंद्र कोरलेली सतीशिळा, म्हणजे पतीच्या चितेवर गेलेल्या स्त्रीचे स्मृतिचिन्ह, अनेक गावांत आढळते. ही शिळा त्या मरणाचा गौरव करते, त्यामागचा दबाव मात्र सांगत नाही. कौटुंबिक हिंसेच्या स्मारकाने नेमके हेच टाळले पाहिजे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शारीरिक छळाबरोबरच लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळ, उदाहरणार्थ स्त्रीधन हिरावून घेणे, हीही हिंसाच मानली असल्याने असे स्मारक केवळ मृतांचे राहू शकत नाही. मेक्सिकोतील कलाकार एलिना शोवेत यांनी 2009 मध्ये रस्त्यावर मांडलेले रिकामे लाल जोडे कोणाचेही नाव न घेता अनुपस्थिती दाखवतात, आणि जिथे प्रत्येक घर ओळखीचे असते अशा लहान गावात हा संयम फार मोलाचा आहे, कारण कोरलेल्या नावाचा भार मागे राहिलेल्या मुलांवर पडतो.

निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या सायखेड्यात असे स्मारक उभारायचे झाल्यास, 2019 चा पूर लक्षात घेता, ते पूररेषेबाहेर, म्हणजे पुराचे पाणी पोहोचण्याच्या आखलेल्या मर्यादेपलीकडे, बाजाराच्या वाटेवर असावे, जेणेकरून तिथे थांबणाऱ्या बाईकडे कोणी संशयाने पाहणार नाही. त्यावर 181 हा महिला मदत क्रमांक आणि संरक्षण अधिकाऱ्याच्या, म्हणजे पीडितेला न्यायालयापर्यंत साहाय्य करणाऱ्या शासकीय अधिकाऱ्याच्या, कार्यालयाचा पत्ता ठळक मराठीत असावा.