फुकट प्रशिक्षणाची किंमत

सोसायटीच्या भिंतीवर फ्लेक्स लागतो: सेंद्रिय शेती प्रशिक्षण, प्रवेश विनामूल्य, चहा-नाश्ता व जेवणाची सोय. महाराष्ट्रात या विषयाचे शिक्षण बहुतेक ठिकाणी असेच मिळते. कृषी विज्ञान केंद्र, कृषी विभागाची ‘आत्मा’ यंत्रणा, एखादी स्वयंसेवी संस्था, कुणी ना कुणी खर्च उचललेला असतो. खासगी निवासी शिबिरांना शुल्क असते, पण विनाशुल्क वाट कुठे ना कुठे सापडते. तरीही सभागृहात पुढच्या रांगेत दरवेळी तीच माणसे बसलेली असतात. बागायतदार, गाडी बाळगणारे, घरी कामाला गडी असलेले. त्यांच्याविषयी तक्रार नाही. प्रश्न न आलेल्यांचा आहे.

दीड एकर कोरडवाहू आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या वावरात मजुरी, असे घर धरा. तीन दिवसांचे शिबिर म्हणजे तीन रोज बुडाले. रोजगार हमीचा २०२५-२६ चा ३१२ रुपयांचा दर लावला तरी ९३६ रुपये झाले. वर तालुक्याचे जाणे-येणे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, तेवढा भार हलका झाला. पण शेळ्या कोण सोडणार, म्हातारीला भाकर कोण देणार, याला कुठलीच सवलत नाही. मुक्कामाचे शिबिर असेल तर घरातून पुरुष जातो, आणि शेण-मुताचे, ढवळायचे, वाहायचे काम पुढे जिने करायचे ती घरीच राहते.

२०१५-१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या परंपरागत कृषी विकास योजनेचे पुढे सुधारलेले खर्चाचे गणित वाचण्यासारखे आहे. तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये. त्यातले १५,००० निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात, ४,५०० विक्री, पॅकिंग आणि ब्रँडिंगला, ३,००० प्रमाणीकरण व अवशेष तपासणीला आणि ९,००० प्रशिक्षणाला. वीस हेक्टरच्या गटाला प्रशिक्षणापोटी तीन वर्षांत १,८०,००० रुपये येतात, म्हणजे वर्षाला ६०,०००. रक्कम अगदीच किरकोळ नाही. दुखणे आहे ती खर्च होण्याच्या वेळेचे. निधी उशिरा उतरतो आणि मार्चअखेर संपवावा लागतो. तेव्हा कोरडवाहू शिवारात तूर निघालेली असते, हरभरा निघालेला असतो. मावा आणि तुडतुडे पडद्यावर दाखवावे लागतात.

शिकवायचे काय असते, तेही जवळून पाहू. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर (२०१६ चे पद्मश्री) यांच्या शिबिरांतून जीवामृत गावोगाव पोहोचले. एकराला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. टाकी सावलीत ठेवायची, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायची. पाच मिनिटांत सांगून होते. अडचणी मागाहून सुरू होतात. जनावर विकून टाकलेल्या घरात शेण विकत आणायचे. गोमूत्र धरायला गोठ्याला उताराची फरशी हवी. मातीच्या गोठ्यात ते जिरून जाते. फवारणीआधी फडक्यातून दोनदा गाळले नाही तर पंपाचे नोझल तुंबते, आणि भर उन्हात पाठीवरचा पंप उतरवून ते काडीने मोकळे करत बसावे लागते. नोझलची गोष्ट शिबिरात निसटते. ती सांगतो शेजारचा, ज्याचा पंप आधी तुंबलेला असतो.

खरी किंमत मोजावी लागते ती पुढे. रासायनिक खत एकदम थांबवले की पहिली एक-दोन वर्षे उतारा घटतो, पिके पिवळी पडतात, तण माजते. सेंद्रिय मालाचा चढा भाव त्या काळात मिळत नाही, कारण हंगामी पिकांसाठी रूपांतराचा काळ साधारण दोन वर्षांचा आणि फळबागेसाठी तीन वर्षांचा असतो. पीजीएस या गटप्रमाणीकरणात या टप्प्याला ‘हरित’ म्हणतात. नाव छान आहे, अडत्याला त्याचे काही नाही. अशा वेळी शेतकऱ्याला कुणीतरी बांधावर उभे राहून सांगायला हवे असते की हे पिवळेपण नत्र कमी पडल्याचे आहे, घाबरू नको, पुढच्या खेपेला धैंचा गाड. तेव्हा प्रशिक्षक दुसऱ्या तालुक्यात नवे शिबिर घेत असतो. मधेच युरियाकडे परतलेल्या शेतकऱ्याला आपण ‘टिकला नाही’ म्हणतो. माझ्या मते तिथे प्रशिक्षण टिकलेले नसते.

याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला त्यात ना इमारत होती, ना शुल्क. शेतकऱ्याने आपल्या रानात प्रयोग करायचा, नोंद ठेवायची, पत्राने दुसऱ्याला कळवायचे, एकमेकांच्या बागा पाहायच्या. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांनी या रीतीने केवढी मजल मारली, हे सांगलीकरांना सांगायला नको. पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांत कसे जगेल, याचे गणितही त्यांनी मांडले. बागायतदाराला हाताशी पाणी आणि धोका पत्करण्याची ऐपत होती, म्हणून तिथे हे लवकर फळले, हेही खरे. पण शिकवणारा आणि शिकणारा एकाच शिवारातला असला की शिक्षणाचा खर्च पार उतरतो, हे त्यातून सिद्ध झाले. इंडोनेशियात १९८९ मध्ये भातासाठी सुरू झालेली शेतीशाळा याच तत्त्वावर चालते: वर्ग उभ्या पिकात, पेरणीपासून काढणीपर्यंत ठरल्या अंतराने. आपल्याकडे हवामान-अनुकूल शेतीच्या पोकरा प्रकल्पाने ती विदर्भ-मराठवाड्यात राबवली.

दारातच अडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सातबारा. अनुदानाच्या गटात नाव घालायचे तर जमिनीचा कागद लागतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत बायका जेमतेम १४ टक्के होत्या. बटाईने करणारा तर कागदावर कुठेच नसतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकांच्या नावे जमिनी करून द्यायला लावल्या, त्या कामाची धग पुढे राहिली नाही. मराठवाड्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने दुसरी वाट काढली. मालकीचा वाद न घालता घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यायचा, त्यात खायची पिके जैविक पद्धतीने घ्यायची, आणि शिकवणारीही गावातलीच बाई. एका एकरात फसले तरी घर बुडत नाही. या कामाला २०१६ चा इक्वेटर पुरस्कार मिळाला. शिक्षणाचा धोका इतका लहान करून देणे, हे मला कुठल्याही शुल्कमाफीपेक्षा मोठे वाटते.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४८१ कोटींचे राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केले. त्यात १५,००० समूह आहेत आणि दर समूहाला दोन कृषी सखी, म्हणजे गावातच शिकवणाऱ्या बाया. या सखींच्या प्रशिक्षणाचा आराखडा ५६ दिवसांचा आहे. दिशा बरोबर आहे. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपुरते असलेले आपले डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशनही आता राज्यभर झाले आहे. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. शिबिराला येणाऱ्या मजुराला त्या दिवसाचा रोज द्या, तो प्रशिक्षणाच्या खर्चातूनच द्या. मुक्कामाच्या शिबिरांऐवजी गावातच सकाळचे दोन तास धरा. कृषी सखीचे मानधन वेळेवर आणि निदान तीन खरिपांपुरते पक्के करा. सातबारा नसलेल्या बाईचे आणि बटाईदाराचे नाव ग्रामसभेच्या ठरावावर गटात घ्या. आणि अहवालात किती जण हजर होते हा आकडा लिहिताच आहात, तर शेजारी आणखी एक रकाना आखा: त्यांतल्या किती जणांच्या बांधावर दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात कुणी जाऊन आले.