सायकल जिन्याखाली का जाते?

हौसेने घेतलेली सायकल पावसाळ्यात जिन्याखाली जाते आणि दिवाळी आली तरी बाहेर निघत नाही. आपण म्हणतो, "मोटिव्हेशनच राहिलं नाही." पण बघायला गेलं तर टायरमध्ये हवा नसते, चेन गंजलेली असते आणि डोक्यात पूर्वीचे २० किलोमीटर बसलेले असतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला सवयींचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, पण माणसागणिक हा आकडा १८ ते २५४ इतका बदलतो, असं त्यात दिसलं. मधला एखादा दिवस चुकल्याने विशेष फरक पडला नाही.

म्हणून आज संध्याकाळीच हवा भरा, चेनला तेल द्या, सायकल दाराशी लावा. उद्या फक्त दूध आणायला जा. आठवडाभर अंतर वाढवू नका.

धंद्यातही असंच होतं. आठवडाभर गिऱ्हाइकांना फोन झाले नाहीत की संकोच वाटायला लागतो, बघता बघता महिना जातो आणि गिऱ्हाईक दुसरं दुकान धरतं. मूड यायची वाट बघू नका. उद्या सकाळी जुन्या दोनच गिऱ्हाइकांना फोन लावा.