स्तनभार आणि शस्त्रक्रिया : निर्णय कसा घ्यावा

स्त्रीच्या स्तनांचा आकार प्रत्येकीचा वेगळा असतो आणि त्याचे ‘योग्य’ असे कोणतेही माप वैद्यकशास्त्राने ठरवून दिलेले नाही. परंतु काही स्त्रियांच्या बाबतीत ही वाढ इतकी होते की स्तनांचे वजन हाच शरीराला रोजचा भार होऊन बसतो. मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग सतत दुखू लागतो. ब्रेसियरच्या पट्ट्या रुतून खांद्यांवर खोल वळ उमटतात. स्तनांखालच्या घडीत घाम साचून कातडी लाल होते व सोलवटते. अशा स्त्रियांसाठी स्तनांतील काही भाग काढून त्यांचा आकार लहान करण्याची शस्त्रक्रिया आज उपलब्ध आहे. ही शस्त्रक्रिया प्रत्येकीने करून घ्यावी अशी नाही. त्याचप्रमाणे केवळ संकोचापोटी तिचा विचारच करू नये अशीही नाही. ती आपल्यासाठी आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी कोणत्या गोष्टी माहीत असणे आवश्यक आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

दिल्लीला लागून, हिंडन नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले गाझियाबाद हे या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यास सोयीचे शहर आहे. १९७६ साली मेरठपासून अलग होऊन गाझियाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला. साहिबाबादच्या कारखान्यांत दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या स्त्रिया येथे आहेत, तशाच दररोज मेट्रोने दिल्लीच्या कचेऱ्यांत जाणाऱ्याही आहेत. मे-जून महिन्यांत येथील तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. थंड हवेत जो त्रास सहन करता येतो, तो अशा हवेत, गर्दीच्या प्रवासात आणि अंगमेहनतीच्या कामात असह्य होतो. स्तनभाराचा त्रास केवळ वजनावर अवलंबून नसतो. ते वजन वागवीत स्त्रीला कोणते आयुष्य जगावे लागते, यावरही तो अवलंबून असतो.

त्रासाचे मूळ

स्तन हा मुख्यतः दुग्धग्रंथी आणि मेद यांनी बनलेला असतो. प्रत्येक स्तनात ग्रंथींचे सुमारे १५ ते २० खंड असतात व त्यांतून निघालेल्या नलिका स्तनाग्रापर्यंत पोहोचतात. या सर्व ऊतींना आधार देणारे तंतुमय बंध त्वचेपासून छातीच्या स्नायूवरील आवरणापर्यंत गेलेले असतात. स्तनात स्वतःचा स्नायू नसल्यामुळे व्यायामाने त्याला आतून आधार मिळू शकत नाही. वजन वाढले की बंध व त्वचा ताणली जाते, स्तन खाली ओघळतो आणि शरीराचा तोल पुढे झुकतो. तो सावरण्यासाठी मानेच्या व पाठीच्या स्नायूंना अखंड श्रम करावे लागतात.

वाढीची कारणे अनेक आहेत. काहींच्या बाबतीत ती घराण्यातच असते. काही मुलींमध्ये वयात येताना ग्रंथी संप्रेरकांना अतिशय तीव्र प्रतिसाद देतात आणि थोड्या महिन्यांतच स्तन कमालीचे वाढतात. क्वचित गरोदरपणातही असे घडते. अनेकींमध्ये शरीराचे एकूण वजन वाढल्याने स्तनांतील मेद वाढतो. हा फरक महत्त्वाचा आहे. मेदाचा भाग अधिक असेल तर वजन कमी केल्याने स्तनही काही प्रमाणात लहान होतात. ग्रंथींचा भाग अधिक असेल तर उपास करूनही विशेष फरक पडत नाही.

पाठदुखीची इतरही कारणे असतात, हे विसरून चालणार नाही. मणक्यांची झीज, बसण्याची चुकीची पद्धत, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा शिलाई यंत्रावर तासन्‌तास वाकून केलेले काम यांमुळेही पाठ दुखते. म्हणून आधी डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी. पट्ट्या रुंद असलेले, नेमक्या मापाचे ब्रेसियर, मान व पाठीचे व्यायाम, घडीतील त्वचा कोरडी ठेवणे आणि बुरशीचा संसर्ग झाल्यास त्यावर औषध, हे उपाय प्रथम करून पाहावेत. त्यांनी पुरेसा आराम पडला तर शस्त्रक्रियेचा प्रश्नच उरत नाही.

मात्र या उपायांना मर्यादा आहेत. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीत असे दिसून आले की, मोठ्या स्तनांमुळे त्रास असलेल्या स्त्रियांना अशा उपायांनी कायमचा आराम मिळाला नव्हता. शस्त्रक्रियेनंतर मात्र त्यांच्या वेदना स्पष्टपणे कमी झाल्या. त्याच पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. कोणाला किती लाभ होईल हे स्त्रीच्या वजनावरून किंवा काढलेल्या ऊतींच्या वजनावरून ठरत नव्हते. ते तिला होणाऱ्या त्रासावरून ठरत होते. तात्पर्य, तराजूपेक्षा स्त्रीचे स्वतःचे सांगणे हे अधिक विश्वसनीय माप आहे.

शस्त्रक्रियेत काय केले जाते

ही शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊन केली जाते आणि तिला साधारणतः दोन ते चार तास लागतात. नेहमीच्या पद्धतीत स्तनमंडलाभोवती, तेथून सरळ खाली आणि स्तनाखालच्या घडीत असे छेद घेतले जातात. जास्तीची त्वचा, मेद व ग्रंथी काढून उरलेल्या भागाला आकार दिला जातो आणि स्तनाग्र वर नेऊन बसविले जाते. त्वचेवर छेद आखण्याचा जो नमुना आजही सर्वत्र वापरला जातो, तो रॉबर्ट वाइज या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९५६ साली मांडला.

स्तनाग्र वर नेताना ते सर्व बाजूंनी कापून वेगळे करीत नाहीत. ज्यांतून त्याला रक्त मिळते अशा ऊतींचा एक जिवंत देठ शाबूत ठेवला जातो आणि त्या देठासह ते हलविले जाते. हे तत्त्व महाराष्ट्राला अपरिचित नाही. टिपूबरोबरच्या युद्धात नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळील एका कुंभाराने नवे नाक करून दिले. त्याचा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला होता. कपाळावरची कातडी सोडवून घेताना तिचा एक पदर भुवयांमध्ये जोडलेलाच ठेवावयाचा, म्हणजे ती रक्त मिळून जिवंत राहते, हे त्या कारागिराला ठाऊक होते. आधुनिक शल्यचिकित्सक स्तनाग्राच्या बाबतीत हीच काळजी घेतो. स्तन फारच मोठे असतील व देठ फार लांब होत असेल, तर मात्र स्तनाग्र वेगळे काढून पुन्हा रोपावे लागते. अशा वेळी त्यातील संवेदना आणि स्तनपानाची शक्यता गमवावी लागते.

काढलेल्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी पाठविल्या जातात, कारण क्वचित त्यांत लपलेला कर्करोग आढळतो. चाळिशीच्या आसपास किंवा त्यापुढे वय असेल, अथवा घराण्यात स्तनांचा कर्करोग असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वीच स्तनांची क्ष-किरण तपासणी, म्हणजे मॅमोग्राफी, करून घेतात.

काय मिळते आणि काय द्यावे लागते

बहुसंख्य स्त्रियांना या शस्त्रक्रियेनंतर वेदनांपासून आराम मिळतो, त्वचेचा त्रास थांबतो आणि हालचाल सुलभ होते. रुमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिने २००९ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढे २०१८ मध्ये फ्रेंच व २०१९ मध्ये विंबल्डन स्पर्धा जिंकली. हे यश तिच्या परिश्रमांचे होते. परंतु ज्या भारामुळे तिच्या हालचालीला अडथळा होत होता, तो दूर झाला होता.

या लाभाची किंमतही आहे आणि ती आधी समजून घेतली पाहिजे. शस्त्रक्रियेचे व्रण कायमचे राहतात. वर्ष-दोन वर्षांत ते फिके पडतात, पण नाहीसे होत नाहीत. आणि सावळ्या त्वचेवर व्रण जाड होऊन फुगण्याची प्रवृत्ती अधिक असते. स्तनाग्रातील संवेदना कमी होऊ शकते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, छेद एकत्र येतात त्या ठिकाणी जखम भरण्यास विलंब, मेदाच्या कठीण गाठी, दोन्ही बाजूंच्या आकारात थोडा फरक या गोष्टी संभवतात. अत्यंत क्वचित रक्तपुरवठा तुटून स्तनाग्राचा काही भाग नष्ट होतो. शिरांत रक्ताची गुठळी होणे व भुलेचे धोके हे कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेप्रमाणे येथेही असतात.

धोका कमी करणे काही अंशी स्त्रीच्याच हाती असते. तंबाखूतील निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व जखम भरत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतरही तंबाखू पूर्णपणे बंद ठेवावी लागते. धूम्रपान करीत नाही एवढे सांगून येथे भागत नाही. मिसरी लावणे, तंबाखू चघळणे किंवा गुटखा खाणे यांतूनही निकोटिन शरीरात जाते आणि ही सवय डॉक्टरांपासून लपविली जाण्याचा संभव अधिक असतो. मधुमेह असल्यास तो आटोक्यात आणावा लागतो. वजन फार असेल तर ते आधी कमी करून स्थिर ठेवणे हिताचे असते.

योग्य काळ कोणता

वाढ पूर्ण होण्यापूर्वी शस्त्रक्रिया केल्यास स्तन पुन्हा वाढण्याचा संभव असतो. म्हणून मुलींच्या बाबतीत आकार बराच काळ स्थिर राहिला आहे याची खात्री करून घेतात. त्रास फारच तीव्र असेल, मुलीने खेळणे व शाळेत जाणे सोडले असेल, तर यापूर्वीही विचार करतात. परंतु पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकेल, हे तिला व तिच्या आईवडिलांना सांगावे लागते.

अपत्ये व्हावयाची असतील तर प्रश्न अधिक नाजूक होतो. नलिका व ग्रंथी काही प्रमाणात कापल्या जात असल्यामुळे पुढे बाळाला पुरेसे दूध मिळेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. स्तनाग्राखालील देठ शाबूत राखला असल्यास अनेक स्त्रिया पाजू शकतात, काहींना वरचे दूध द्यावे लागते, तर काहींना पाजणे जमत नाही. शिवाय गरोदरपणात स्तनांचा आकार पुन्हा बदलतो. लवकरच मूल हवे असेल तर थांबणे शहाणपणाचे ठरते. परंतु ज्या तरुणीच्या लग्नाचा किंवा मातृत्वाचा विचारही दूर आहे, तिने केवळ त्या शक्यतेसाठी दहा वर्षे वेदना सोसाव्यात, असा नियम नाही. यातले काय अधिक मोलाचे, हे तिनेच ठरवावयाचे आहे.

रुग्णालय, खर्च आणि संमती

ही शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जरीचे रीतसर शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडूनच करून घ्यावी. भारतात या विषयातील एम.सीएच. किंवा त्याच्या समकक्ष राष्ट्रीय मंडळाची पदवी ही त्याची खूण होय. जाहिरातीतील छायाचित्रांवर विसंबण्यापेक्षा डॉक्टरांची पदवी व वैद्यकीय परिषदेतील नोंदणी पाहणे आणि भूलतज्ज्ञ व अतिदक्षता विभाग यांची सोय आहे का, हे विचारणे महत्त्वाचे आहे. गाझियाबादच्या रहिवाशांना दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि सफदरजंग रुग्णालय येथील प्लास्टिक सर्जरी विभागांत जाता येते. भाजलेले व अपघातग्रस्त रुग्ण तेथे आधी घ्यावे लागतात, त्यामुळे तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियेसाठी थांबण्याची तयारी ठेवावी लागते.

आरोग्य विम्याच्या करारांत केवळ रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, तसेच आरोग्याला असलेला प्रत्यक्ष व तात्काळ धोका दूर करण्यासाठी आवश्यक उपचार यांचा अपवाद असतो आणि ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित करावी लागते. म्हणून वेदना, त्वचेचे विकार व आधी केलेले उपाय यांच्या नोंदी पहिल्यापासून जपून ठेवाव्यात आणि विमा कंपनीचे उत्तर शस्त्रक्रियेपूर्वी लेखी घ्यावे.

घरातून दोन प्रकारचे दडपण येऊ शकते. लग्न जमणार नाही, व्रण दिसतील, म्हणून वेदना असूनही मुलीला थांबविले जाते. उलट, नवऱ्याच्या किंवा मैत्रिणींच्या टोमण्यांमुळे एखादी स्त्री, काही त्रास नसतानाही, शस्त्रक्रियेकडे वळते. दुसऱ्याला आवडावे म्हणून घेतलेला निर्णय पुढे समाधान देईलच असे नाही. दिल्लीतील एका प्रकरणात रुग्ण स्त्री भुलेखाली असताना तिच्या आईच्या संमतीने तिचे गर्भाशय काढले गेले होते. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निर्णय दिला की, सज्ञान व समर्थ रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती, तातडीचा प्रसंग नसेल तर, ग्राह्य नाही. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे, असेही न्यायालयाने सांगितले.

ही सहा कलमे म्हणजेच शल्यचिकित्सकाला विचारावयाच्या प्रश्नांची यादी होय. त्यांची उत्तरे घाईने देणाऱ्या डॉक्टरपेक्षा वेळ देणारा डॉक्टर शोधावा आणि निर्णयापूर्वी काही आठवडे जाऊ द्यावेत. ही शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते; त्यामुळे विचाराला अवधी मिळतो. भार किती आहे हे डॉक्टर मोजू शकतो, धोके कोणते हे तो सांगू शकतो. तो भार वाहावयाचा की उतरावयाचा, हे मात्र तो वाहणाऱ्या स्त्रीनेच, सर्व माहिती समोर ठेवून ठरवावयाचे असते.